कावीळ कशाची?

कावीळ झाली म्हटले की आपल्याकडे बोलणे थेट औषधावर जाते. कुणी अमक्या गावच्या वैद्याचे नाव सांगते, कुणी माळ घालायला सांगते, कुणी तेल-तूप आणि हळद आजपासून बंद करायला लावते. शेजारून उसाचा रस येतो. हे सगळे आपुलकीने चाललेले असते, पण या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही कावीळ कशाची? तापाप्रमाणे कावीळ हेही एक लक्षण आहे. तिच्यामागे पित्तनलिकेत अडकलेला खडा असू शकतो, नळाच्या पाण्यातून आलेला विषाणू असू शकतो, क्षयाची गोळी असू शकते, स्वादुपिंडाचा कर्करोग असू शकतो, आणि काही वेळा काळजी करण्यासारखे काहीही नसते. डोळ्यांचा रंग मात्र या सगळ्यांत एकच दिसतो.

प्रस्तुत ग्रंथ या एका प्रश्नासाठी सिद्ध झाला आहे. यकृतविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्तविकारांचे अभ्यासक, विषाणूशास्त्रज्ञ, आयुर्वेदाचे अध्यापक आणि साथी प्रत्यक्ष हाताळलेले आरोग्य अधिकारी असे निरनिराळ्या वाटांनी आलेले लेखक त्यात आहेत. त्यांच्या लेखांत शिरण्याआधी वाचकाला या विषयाचा भूगोल ठाऊक असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात रंगापासून करू. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनमधले लोह शरीर जपून ठेवते आणि उरलेल्या भागाचे आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन होते. ही क्रिया आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मुका मार लागला की त्वचेखाली साकळलेले रक्त आधी काळेनिळे, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळे पडते, ते याच क्रमाने. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्चो यांनी 1847 मध्ये अशा साकळलेल्या रक्तात पिवळसर स्फटिक पाहिले आणि पित्ताचा रंग रक्तातून येतो हा विचार बळावला. निरोगी प्रौढाच्या शरीरात रोज साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून यकृतापर्यंत जाते. यकृतातले एक विकर त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते, मग ते विरघळू लागते आणि पित्तातून आतड्यात उतरते. तिथले जिवाणू त्याचे आणखी रूपांतर करतात. शौचाचा तपकिरी रंग आणि लघवीचा फिका पिवळा रंग ही त्याचीच देणगी.

या प्रवासात तीन ठिकाणी घोटाळा होऊ शकतो. यकृताच्या अलीकडे, म्हणजे तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर मोडू लागल्या तर. खुद्द यकृतात, म्हणजे त्याच्या पेशी सुजल्या, मेल्या किंवा त्यांचे विकर अपुरे पडले तर. आणि यकृताच्या पलीकडे, म्हणजे पित्ताची वाट खड्याने, गाठीने किंवा आकुंचनाने बंद झाली तर. वैद्यकाचा विद्यार्थी हे पहिल्या वर्षात पाठ करतो. पण त्यातून निघणारी एक साधी गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. न जोडलेले बिलिरुबिन अल्ब्युमिनला चिकटलेले असल्यामुळे मूत्रपिंडातून गळत नाही. त्यामुळे पेशी मोडून झालेल्या काविळीत डोळे पिवळे असूनही लघवीत बिलिरुबिन उतरत नाही. वाट बंद झाली असेल तर जोडलेले बिलिरुबिन रक्तात मागे फिरते आणि लघवीत उतरते. लघवी गडद चहासारखी होते, कपड्याला पिवळा डाग पडतो, शौच मात्र पांढुरके, मातकट होते आणि अंगाला खाज सुटते. प्रयोगशाळेचा अहवाल हाती येण्याआधीच एवढी माहिती घरातल्या माणसाला सांगता येते. अनुभवी डॉक्टर म्हणूनच रुग्णाला खिडकीपाशी नेतो, खाली बघायला सांगतो, वरची पापणी उचलून दिवसाच्या उजेडात डोळ्याचा पांढरा भाग पाहतो. पिवळ्या बल्बखाली सौम्य कावीळ निसटते. आणि गाजर-पपई भरपूर खाल्ल्याने तळहात पिवळे झाले असतील तर डोळे पांढरेच राहतात.

हा विषय आपल्या परंपरेला जुनाच आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात रुग्णाचा पिवळेपणा पोपटांकडे आणि इतर पक्ष्यांकडे पाठवण्याची प्रार्थना आहे. चरकसंहितेने मात्र प्रार्थनेच्या पुढे पाऊल टाकले. पांडुरोगाच्या चिकित्सेत तिथे कामला येते आणि तिचे दोन प्रकार सांगितले जातात: एक कोष्ठाच्या आश्रयाने होणारी, पित्त फार वाढलेली, दुसरी शाखांच्या आश्रयाने होणारी, जिच्यात कफाने पित्ताची वाट अडते आणि शौच वाटलेल्या तिळासारखे दिसते. वाट अडल्याने शौचाचा रंग जातो, ही जोडणी नुसत्या डोळ्यांनी आणि धीराने केलेल्या निरीक्षणातून झाली. आजच्या यकृतशास्त्राशी तिचे शब्दशः नाते जोडण्याचा मोह टाळायला हवा, कारण दोन्हींची शरीराची कल्पनाच वेगळी आहे. पण काविळीला एकाहून अधिक कारणे असतात आणि उपाय कारणाप्रमाणे बदलतो, हे चरकाला मान्य होते. त्याचे नाव घेऊन प्रत्येक काविळीवर एकच पुडी देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात दृष्टी शवविच्छेदनाची होती. फिर्चो यांच्या मते साध्या काविळीत पित्तनलिकेच्या तोंडाशी चिकट स्राव साचून वाट बंद होत असे. त्यामुळे विषाणूंमुळे होणारी कावीळ कित्येक दशके आतड्याच्या सर्दीचा प्रकार समजली गेली. मोठ्या माणसाची चूकही किती काळ टिकते, याचे हे उदाहरण. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डच वैद्य हिजमन्स व्हॅन डेन बर्ख यांनी रसायनशास्त्राची वाट धरली. वाट अडलेल्या रुग्णाचे रक्तजल एका रसायनाशी लगेच रंग देई, पेशी मोडणाऱ्या रुग्णाचे रक्तजल अल्कोहोल घातल्यावरच देई. पहिल्याला 'डायरेक्ट' आणि दुसऱ्याला 'इनडायरेक्ट' हे नाव पडले आणि आजच्या प्रत्येक अहवालात ते छापून येते. हा फरक कशाने पडतो हे कळायला मात्र 1956-57 साल उजाडले: डायरेक्ट म्हणजे ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड मिळालेले, इनडायरेक्ट म्हणजे न मिळालेले.

जनुकशास्त्राचा प्रवाह त्यानंतर जोरात आला, पण त्याची मुळे जुनी आहेत. ऑगस्टिन गिल्बर्ट आणि पिअर लेरेबुले यांनी 1901 मध्ये पॅरिसमध्ये वर्णन केलेली स्थिती आज आपल्याकडे घरोघरी सापडू लागली आहे. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत एखाद्या तरुणाचे बिलिरुबिन 2.4 निघते, तो धास्तावतो, घरचे पथ्य सुरू करतात. बाकी सगळ्या तपासण्या उत्तम असतात. नवरात्राचा उपवास झाला, जागरण झाले, ताप आला, की आकडा थोडा चढतो आणि पुन्हा उतरतो. त्याच्या यकृतातले जोड देणारे विकर जन्मतः कमी प्रमाणात असते, एवढेच. 1995 मध्ये त्यामागचा जनुकीय बदलही सापडला. याला उपचार लागत नाहीत. गरज असते ती कुणीतरी नीट समजावून सांगण्याची. काही मोजकी औषधे देताना डॉक्टरला ही गोष्ट माहीत हवी, म्हणून ती कागदावर नोंदवून ठेवावी.

नवजात बाळांची गोष्ट निराळी आहे. पूर्ण दिवसांच्या सुमारे 60 टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे 80 टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात पिवळेपणा येतो, कारण त्यांच्या पेशी लवकर मोडतात आणि यकृत अजून तयार झालेले नसते. बहुतेकांचा तो आपोआप जातो. पण न जोडलेले बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत उतरून कायमची इजा करते. यावरचा उपाय एका परिचारिकेच्या नजरेतून सापडला. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इस्पितळात 1956 मध्ये सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगावर चादरीचे टोक होते. त्याखालची त्वचा पिवळी राहिली आणि बाकीची उजळली, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. तिथल्या क्रेमर आणि सहकाऱ्यांनी पुढे प्रयोग केले आणि 1958 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आज जिल्हा रुग्णालयांतही दिसणारा निळा दिवा तिथून आला. ठरावीक तरंगलांबीचा निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलतो आणि यकृताच्या मदतीशिवाय तो बाहेर पडू लागतो. बाळाला कोवळ्या उन्हात धरणे हा मात्र त्याला पर्याय नव्हे. त्या उन्हाची मात्रा कुणाला मोजता येत नाही, आणि त्यात गेलेले दोन दिवस महागात पडू शकतात. याच जोडीला एक घरगुती धोका सांगायला हवा. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते. पारशी समाजात हे प्रमाण अधिक आहे. बाळंतविड्याचे कपडे डांबरगोळ्या घालून ठेवलेले असले तर अशा बाळाच्या पेशी भराभर मोडू शकतात.

विषाणूंचा इतिहास सांगताना लेखणी भारतात थांबते, आणि ते योग्यच आहे. 1955 च्या पुरानंतर दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे उलटे वाहू लागले. अभियंत्यांनी क्लोरीन वाढवले. टायफॉइड वाढला नाही, त्यामुळे सगळे सुखरूप पार पडले असे वाटले. काही आठवड्यांनी काविळीचे रुग्ण येऊ लागले आणि साथ ओसरेपर्यंत अंदाजे 29,300 लोकांना कावीळ होऊन गेली होती. जिवाणूंना पुरलेले क्लोरीन विषाणूला पुरले नव्हते. त्या साथीला अनेक वर्षे हेपॅटायटिस-ए समजले गेले. 1980 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांसह जुनी रक्तजले तपासून दाखवले की हा विषाणू 'ए'ही नाही आणि 'बी'ही नाही. त्याच सुमारास काश्मिरातल्या 1978 च्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू त्याच निष्कर्षाला आले होते. 1983 मध्ये रशियन शास्त्रज्ञ बलायान यांनी रुग्णांच्या शौचाचा अर्क स्वतः पिऊन विषाणू दाखवला. आज त्याला हेपॅटायटिस-ई म्हणतात.

हा विषाणू महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत त्याची मोठी साथ आली. तो शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणून साथ जाहीर होते तेव्हा पाण्याचा नमुना अनेकदा स्वच्छ निघतो आणि नगरपालिका हात वर करते. शोध घ्यायचा असतो महिन्या-दीड महिन्यापूर्वीच्या गळतीचा, फुटलेल्या जलवाहिनीचा, बंद पडलेल्या क्लोरिनेटरचा. सर्वसाधारण माणूस यातून चार-सहा आठवड्यांत बरा होतो. गरोदर बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार जिवावर बेततो. काही साथींत अशा पाचांतली एक दगावली आहे. काविळीच्या साथीत गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी उकळलेले पाणी पोहोचते की नाही, हे पाहणे कोणत्याही गोळीपेक्षा मोलाचे आहे.

रक्तातून येणाऱ्या काविळीचा मार्ग वेगळा. 1965 मध्ये बरुक ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात जो अनोळखी घटक सापडला, तो हेपॅटायटिस-बी चा निघाला. त्यातून रक्तपेढ्यांची चाचणी आणि लस या दोन्ही गोष्टी आल्या. 1989 मध्ये हेपॅटायटिस-सी सापडला, आणि आता त्यावर 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. आपल्या सरकारी लसीकरणात 'बी' ची लस 2011 पासून देशभर आली. तिचा पहिला डोस जन्मल्याबरोबर, 24 तासांच्या आत द्यायचा असतो.

आणि आता पुण्याची एक गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. 1980 च्या दशकापर्यंत भारतातल्या बालरोग विभागांत एक भयंकर आजार दिसे: सहा महिने ते पाच वर्षांचे मूल, वाढलेले टणक यकृत, चिडचिड, मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा मृत्यू. त्याला भारतीय बालयकृतकाठिण्य म्हणत. खाऊनपिऊन सुखी घरांतही तो होई, एका घरात दोन-दोन मुले जात, म्हणून तो आनुवंशिक मानला जाई. या मुलांच्या यकृतात तांबे अतोनात साठलेले आढळत असे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. बाळाला फार लवकर वरचे दूध सुरू झालेले होते आणि ते दूध बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून तिथेच ठेवले जात होते. तांबे दुधातल्या प्रथिनाला चिकटते. पाणी त्या भांड्यातून जेवढे तांबे घेते त्याहून दूध कितीतरी अधिक घेते. 1983 मध्ये हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आला. मग आयांना सांगणे सुरू झाले: अंगावर पाजा, आणि वरचे दूध द्यावेच लागले तर स्टीलच्या भांड्यात तापवा. भावंडांचे भांडे बदलले गेले. वेळेत आलेल्या काही मुलांना तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनने वाचवता आले. स्टीलची भांडी तोवर घराघरांत येतच होती. काही वर्षांत तो आजार इतका दुर्मीळ झाला की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी त्याचा रुग्ण पाहिलेला नसतो. यकृतावरचे कुठलेही टॉनिक हे करू शकले नसते. 'कशाची कावीळ' हा प्रश्न चुलीपर्यंत नेला, म्हणून ते घडले. अलीकडे आरोग्याच्या नावाखाली तांब्या-पितळेची भांडी पुन्हा कौतुकाने विकत घेतली जातात. मोठ्यांनी त्यात पाणी प्यावे. बाळाचे दूध त्यात तापवू नये.

ग्रामीण उपचारांवरचा विभाग संपादकांनी आदराने लिहून घेतला आहे, आणि सडेतोडही. हेपॅटायटिस-ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात, त्यामुळे त्या काळात दिलेल्या प्रत्येक औषधाला यश मिळते. माळ लांबते कारण तिच्यातल्या ओल्या काड्या वाळून गाठी सैल होतात. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर उतरणारा पिवळा रंग निरोगी माणसाच्या हातूनही उतरवून दाखवता येतो, कारण तो हातावर आधी चोळलेल्या सालीच्या रसाचा असतो. एवढ्यावर भागले तर नुकसान थोडे. पण पित्तनलिकेतल्या गाठीची कावीळ, जी पुष्कळदा पोटात काही न दुखता हळूहळू वाढते, ती दोन महिने माळेवर काढली की शस्त्रक्रियेची वेळ टळून जाते. नाकात टाकल्या जाणाऱ्या तीव्र औषधाने नाकाची आतली त्वचा होरपळते. तापल्या सळईने दिलेल्या डागांचे व्रण तान्ह्या मुलांच्या पोटावर आजही दिसतात. वनस्पतींबद्दल सरसकट तिरस्कारही मला मान्य नाही. भुईआवळ्यावर मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने 1988 मध्ये मोठी आशा निर्माण केली होती; पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही. तपासले गेले, हेच महत्त्वाचे. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. काढा घेणाऱ्याने निदान तो काय घेतो आहे हे डॉक्टरला सांगावे, आणि डॉक्टरने ते न रागावता ऐकावे.

हे पुस्तक आजच का, याचे उत्तर तपासणीच्या पॅकेजमध्ये आहे. आता बिलिरुबिनचा आकडा न मागता फोनवर येतो. घरचे त्या आकड्याकडे पाहत राहतात: काल 8 होते, आज 11 झाले. सलाइन लावा, असा आग्रह होतो. पण विषाणूच्या काविळीत किती धोका आहे हे बिलिरुबिनपेक्षा रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे अहवालातला आयएनआर, अधिक चांगले सांगते. रुग्ण दिवसा झोपून रात्री जागू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर आकडा कितीही असो, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठायचे. दुसरीकडे गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे कायम थोडे पिवळे असतात, आणि पेशी सतत मोडल्याने त्याच्या पित्ताशयात खडेही होतात. म्हणजे एकाच माणसाला दोन निरनिराळ्या ठिकाणची कावीळ. त्याला दरवेळी 'साधी कावीळ' म्हणून परत पाठवणे हा अन्याय आहे. पावसाळ्यात चिखलपाण्यात काम करून ताप, लाल डोळे आणि मग पिवळेपणा आला तर लेप्टोचा विचार हवा. तिथे वेळेवरचे प्रतिजैविक जीव वाचवते. क्षयाचे उपचार चालू असताना मळमळ आणि पिवळेपणा आला तर गोळ्यांची पिशवी घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. आणि दारू. तिच्याबद्दल या पुस्तकात स्वतंत्र लेखन आहे. शरमेने लपवलेली बाटली निदानाला किती उशीर लावते, हे त्यात रुग्णांच्या बायकांशी बोलून मांडले आहे.

या ग्रंथात औषधांच्या मात्रा नाहीत आणि त्या नसाव्यात हा निर्णय योग्य आहे. तो घरच्यांना प्रश्न विचारायला शिकवतो आणि खेड्यातल्या डॉक्टरला विचार करण्याचा क्रम देतो. लेखकांची मते सगळीकडे जुळत नाहीत. आयुर्वेदावरच्या दोन लेखांत तर उघड मतभेद आहे. संपादकांनी तो मिटवला नाही, याचा मला आनंद आहे.

एक पान मात्र पुस्तकातून बाहेर पडावे अशी माझी इच्छा आहे. काही बाळांच्या पित्तनलिका जन्मानंतर बंद होत जातात. बाळ गुटगुटीत दिसते, पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही रेंगाळतो आणि शौच फिके, पांढुरके होते. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया साधारणपणे 60 दिवसांच्या आत झाली तर सर्वांत उपयोगी पडते. तैवानने 2004 पासून बाळांच्या आरोग्यपुस्तिकेत शौचाच्या रंगांचा तक्ता छापला आणि अशी बाळे लवकर सापडू लागली. तसा रंगीत तक्ता या ग्रंथाच्या शेवटी आहे, आणि प्रकाशकांनी तो सुटा काढता येईल असा बांधला आहे. आशाताईंच्या पिशवीत आणि अंगणवाडीच्या भिंतीवर तो लागावा. पंधरा दिवसांनंतरही पिवळ्या असलेल्या बाळाचा लंगोट त्या तक्त्याशेजारी धरून पाहावा आणि रंग फिका वाटला तर त्याच आठवड्यात डायरेक्ट बिलिरुबिन तपासून घ्यावे.